ट्रंकेतली कॅलेंडरं

थंडीच्या सुरुवातीला माझ्या वडिलांचा, आण्णांचा, सकाळी सकाळी फोन येतो आणि ते म्हणतात, "हवामान बदललंय गं." मी समजते, तासगावकडं आभाळ आलंय. द्राक्षबाग फुलोऱ्यात आहे, ढग हटत नाहीत, आता घडांवर डावण्या रोग येणार आणि आज दिवसभर फवारणीचा ब्लोअर बागेत फिरणार. आण्णांच्या तोंडी हवामानातला बदल ही आजची गोष्ट असते, फार तर या आठवड्याची. त्याच दिवशी सांगलीत, शाळेत, मी नववीच्या वर्गात फळ्यावर 'हवामान बदल' असं लिहिते. माझ्या तोंडी त्याचा अर्थ असतो दीडशे वर्षांत सगळ्या पृथ्वीचं सरासरी तापमान वाढत गेलं तो.

भूगोलात आम्ही हवा आणि हवामान वेगळं शिकवतो. हवा म्हणजे आजची, इथली. हवामान म्हणजे एखाद्या प्रदेशाची बरीच वर्षं पाहून काढलेली सरासरी. मुलं फरक पाठ करतात आणि परीक्षेत बरोबर लिहितात. पण घरी टीव्हीवर लागणारा 'हवामान अंदाज' उद्याचा असतो. पेपरात 'हवामान बदलाचा द्राक्षबागांना फटका' असा मथळा असतो आणि आत गेल्या मंगळवारच्या ढगांची बातमी. बरीच वर्षं मला हा भाषेतला घोळ वाटायचा. वह्यांमध्ये लाल शाईनं तो दुरुस्त करत राहिले. आता तसं वाटत नाही. शेतकऱ्याला सरासरी कधी भेटतच नाही. त्याला भेटतं ते आजचं आभाळ. सरासरी हलली आहे हे त्याला कळायचं असेल, तर ते याच आभाळातून कळणार, दुसरी वाट नाही.

काही वर्षांपूर्वी मी मुलांना घरचा अभ्यास दिला. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारून या. तुमच्या लहानपणापासून पाऊस, थंडी, ऊन, पाणी यांत काय बदललं? आणि का बदललं असं तुम्हाला वाटतं?

पहिल्या प्रश्नाची उत्तरं वाचताना मी वही खाली ठेवू शकले नाही. एका आज्जीनं सांगितलं होतं, पूर्वी दिवाळीत दोन वाकळा अंगावर लागायच्या, आता एकच घेते आणि तीही मध्यरात्री पायाकडं ढकलते. एका आजोबांचं वाक्य मुलानं जसंच्या तसं उतरवलं होतं: "पाऊस आता पडत न्हाई, वततोय." आठ-आठ दिवस झड लागायची, घरातली लाकडं वाळायची नाहीत, जनावरांच्या पायांना चिखल्या व्हायच्या, ती झड कुठं गेली असं तीन-चार जणांनी विचारलं होतं. कुणी ओढ्याबद्दल बोललं होतं, कुणी मागंपुढं होणाऱ्या आंब्याच्या मोहराबद्दल. एकीच्या आज्जीला पहाटेच्या आंघोळीला कुडकुडत बसलेली भावंडं आठवली होती. कुणाच्याही उत्तरात अंश सेल्सिअस नव्हता. वाकळ होती, ओला सरपणाचा भारा होता, ओढा होता.

"वततोय" या शब्दाशी मी बराच वेळ थांबले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिपटीनं वाढल्या, आणि अरबी समुद्रावरून जोरानं येणारे बाष्पाचे लोंढे त्यामागं आहेत, असं त्यात दाखवलं आहे. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणजे ढग जास्त भरून येतो आणि रिकामा होताना एकदम रिकामा होतो. सहा-सात दशकांच्या नोंदी चाळून शास्त्रज्ञ जिथं पोचले, त्याच्या दारापर्यंत ते आजोबा नुसत्या कानानं पोचले होते. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकला होता.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं मात्र दाही दिशांना गेली. झाडं तोडली. ओझोनला भोक पडलं. गाड्यांचा धूर. मोबाइलचे टॉवर. सिमेंटचे रस्ते. माणसाची नियत फिरली. आणि चार-पाच वह्यांमध्ये पवनचक्क्या.

पवनचक्क्यांबद्दल सांगायलाच हवं. सांगली-साताऱ्याच्या पठारांवर त्या उभ्या राहिल्या आणि २००३-०४ च्या सुमाराला आमच्या पूर्व भागात दुष्काळ पडला. ही पाती फिरतात आणि ढग पुढं ढकलून देतात, अशी बोलवा गावोगाव पसरली. लोक चिडले, पवनचक्क्या बंद करा अशी मागणी झाली. जमिनीपासून शंभरेक मीटरच्या आत फिरणारं पातं कुठं आणि त्याच्या कितीतरी वर चालणारा पावसाळी ढग कुठं? पण लोकांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. पवनचक्की वाऱ्याच्या जागी लावतात, आणि सह्याद्री ओलांडून आलेला कोरडा वारा जिथं जोरात वाहतो ती जागा आधीच पर्जन्यछायेत असते. चक्क्या आल्या, मग दोन-तीन वर्षं पाऊस गेला. डोळ्यांनी दोन गोष्टी शेजारी शेजारी पाहिल्या आणि मनानं त्यांची गाठ मारली. कार्बन डायऑक्साइड कुणाला दिसत नाही. पातं दिसतं, आणि ते गावाच्या डोक्यावर दिवसरात्र फिरत असतं.

सांगलीकरांनी महापुरातही तेच केलं, आणि मी त्यांच्यातच होते.

आमच्या गल्लीत २००५ च्या पुराची खूण होती. पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबलं होतं. सांगलीत पाणी मीटरमध्ये कुणी मोजत नाही, आयर्विन पुलाच्या फुटांत मोजतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथं लहान मुलालाही ठाऊक असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागलं तेव्हा शेजारच्या काकांनी तिसरी पायरी दाखवून सांगितलं, "२००५ ला इथवर आलतं, त्याच्या वर येत न्हाई." आम्ही सगळ्यांनी त्या पायरीच्या हिशेबानं सामान उचललं. पुस्तकं टेबलावर ठेवली, धान्याचे डबे कट्ट्यावर चढवले, गाडी उंबऱ्याशी आणून लावली. नदीचं खोरं, पाणलोट, विसर्ग हे सगळं मी वर्गात शिकवत होते, तरी मीसुद्धा पायरीवरच विश्वास ठेवला. आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. टेबल तरंगलं. आम्ही होडीतून बाहेर पडलो तेव्हा काका पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "असं हुयाला नको होतं. खूण हुती की."

पूर ओसरल्यावर चिखल काढता काढता वाद सुरू झाले. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं फुगवटा दिला. कोयनेतून उशिरा सोडलं. पूररेषेत बांधकामं झाली. नदीकाठच्या माणसाला हे प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे, आणि बांधकामांबद्दलचा राग तर मला आजही बरोबर वाटतो. पण घाटमाथ्यावर त्या दिवसांत पाऊस किती थोड्या वेळात किती पडला, याबद्दल आमच्या गल्लीत फार कुणी बोललं नाही. धरणाला पत्ता असतो. तिथं मोर्चा नेता येतो. तापलेल्या समुद्राला पत्ता नसतो.

त्याच ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यात, आटपाडी आणि जतकडं, चारा छावण्या चालू होत्या. पलूस-मिरजेची माणसं पत्र्यावर बसून पाण्याची बाटली मागत होती आणि ऐंशी-शंभर किलोमीटरवर माणसं छावणीत जनावरांसोबत टँकरची वाट बघत होती. त्याच्या तीनच वर्षं आधी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं होतं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. कृष्णेचं पाणी लातूरची तहान भागवायला निघालंय, ही बातमी आम्ही किती अभिमानानं वाचली होती. या तीन चित्रांना 'जागतिक तापमानवाढ' असं एकच नाव देऊन मी वर्गात उभी राहिले, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "बाई, तापमान वाढलं तर पाणी कमी व्हायला पायजे ना? मग पूर कसा?" प्रश्न बरोबर होता. 'तापमानवाढ' हा शब्द त्याला फक्त उन्हाकडं नेत होता. त्याच्या आजोबांचा "वततोय" त्याला पुराकडं घेऊन गेला असता, दुष्काळाकडंही, कारण एकदम ओतलेलं पाणी जमिनीत मुरत नाही.

येल विद्यापीठानं २०२२ मध्ये भारतभर एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यात निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, लोकांनी जागतिक तापमानवाढीबद्दल आपल्याला फार थोडं माहीत आहे किंवा काहीच ऐकलेलं नाही असं सांगितलं. मग तो शब्द साध्या वाक्यात समजावून हे घडतंय का असं विचारल्यावर ८४ टक्के लोक हो म्हणाले. मला हे आकडे वाचून नवल वाटलं नाही. माझ्या वर्गातल्या वह्या हेच सांगत होत्या. गोष्ट घरात येऊन बसलेली आहे, तिचं नाव तेवढं माहीत नाही.

नाव माहीत नसल्याचा एक परिणाम मला फार टोचतो. वह्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा आलेलं कारण होतं "आमीच झाडं तोडली". एका आज्जीनं तर नातवाला सांगितलं होतं, लग्न झाल्यावर आम्ही बांधावरच्या दोन बाभळी आणि एक लिंब तोडला, तेव्हापासून आमच्या शिवारात पाऊस कमी झाला. त्या बाईनं चाळीसेक वर्षं हे मनात धरलं होतं. झाडं तोडू नयेत हे खरंच आहे, जंगलं जाण्याचा हवामानाशी संबंध आहे हेही खरंच. पण वर्षाकाठी माणशी कार्बन डायऑक्साइड भारतात सुमारे दोन टन निघतो आणि अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. भारतातली सरासरीही शहरातल्या माणसांनी वर ओढलेली. चुलीवर भाकरी केलेल्या त्या म्हातारीचा वाटा किती असेल? तिनं अख्ख्या आभाळाचा दोष तीन झाडांपोटी स्वतःच्या पदरात घेतला. मी त्या मुलाला म्हटलं, आज्जीला जाऊन सांग, बाईंनी सांगितलंय, पाऊस तुमच्यामुळं गेला नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सांगितलं. आज्जी काय बोलली न्हाई. नुसती रडली."

आता कॅलेंडरांबद्दल.

२०२५ च्या मे महिन्यात मी माहेरी होते. मे असून पाऊस लागला होता. मुंबईत तर २६ मे रोजी मोसमी पाऊस पोचला, इतक्या लवकर तो पूर्वी कधी नोंदला गेला नव्हता. आमच्याकडं खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या फुटाव्यात म्हणून उन्हाळ्यात करतात ती छाटणी, होऊन बाग नव्या काड्यांवर होती. या दिवसांत ऊन लागतं. काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड याच वेळी तयार होत असतो, बाहेरून काही दिसत नसतं. आण्णा पडवीत बसून पावसाकडं बघत होते. "रोहिणीतच मिरग संपला," म्हणाले. "आमच्या येळंला असं नव्हतं. सात जूनला मिरग म्हंजी मिरग. पेरायला चाड्यावर मूठ तयारच."

मला माळ्यावरची ट्रंक आठवली. आण्णा भिंतीवरचं कॅलेंडर फेकत नाहीत. त्यावर पेन्सिलीनं दूध, उसनवार, मजुरी, पाऊस, फवारा सगळं लिहिलेलं असतं. वर्ष संपलं की गुंडाळून ट्रंकेत. चाळीस वर्षांची कॅलेंडरं निघाली, काहींना कसर लागलेली. आम्ही दोघं खाली सतरंजी टाकून बसलो. आधी प्रत्येक वर्षाचा जून काढला.

मिरग पुष्कळदा कोरडाच गेला होता. 'मिरग कोरडा.' 'वारं नुसतं.' 'आज आर्द्रा, पाऊस नाही.' एकामागून एक वर्ष. सात जूनला बरोबर पाऊस आला अशी वर्षं होती, पण ती थोडी. आण्णांनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं. आमचा पूर्व भाग पर्जन्यछायेतला, इथला मृगाचा पाऊस कधीच फार भरवशाचा नव्हता. मनानं मात्र चांगले मिरग जपून ठेवले होते आणि कोरडे सोडून दिले होते. (नक्षत्रंही जागची हलतात, ही गोष्ट मी त्यांना तेव्हा सांगितली नाही. पंचांगातली नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली आणि ऋतू सूर्याला, त्यामुळं साधारण सत्तर वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. हजार वर्षांपूर्वी मृग जवळपास एक नक्षत्र अलीकडं लागत होता. एका दुपारी एवढं सगळं कुणाकडून काढून घ्यायचं?)

मग ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं काढली. जुन्या कॅलेंडरांमध्ये दसऱ्यानंतर पावसाची नोंद तुरळक. अलीकडच्या कॅलेंडरांमध्ये 'पाऊस' हा शब्द दिवाळीच्या चौकटींमध्येही घुसलेला. २०१९ चं पान तर पेन्सिलीनं काळं झालं होतं. त्या दिवाळीत अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ होतं आणि ते सरतं न सरतं तोच महा. आमची बाग फुलोऱ्यात होती. 'रात्री २ ला फवारा.' 'परत धुतला.' 'परत मारला.' 'घड कुजले, वरचा प्लॉट सोडून दिला.' त्या वर्षी अरबी समुद्रात एकूण पाच चक्रीवादळं झाली. आण्णांना त्यातल्या दोनच नावांशी काम पडलं.

मला वाटलं, हा घ्या पुरावा. मी तसं बोललेही. आण्णांनी मान हलवली नाही. त्यांनी एक जुनं कॅलेंडर ओढलं, बोट ठेवलं आणि म्हणाले, "तवा बाग कुठं हुती? तवा शाळू हुता."

मी गप्प झाले. बाग नव्वदनंतरची. त्याआधी त्या रानात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, व्हायचा. शाळवाला हस्ताचा पाऊस हवाच असतो. हत्ती बरसला की शिवार खूश. तो पाऊस नोंदायची गरज नव्हती, कारण तो अडचण नव्हता. आभाळ तेच असेल, पण शाळवाच्या रानातून ते वेगळं दिसायचं आणि द्राक्षांच्या मांडवाखालून वेगळं दिसतं. शाळू दोन पाऊस चुकले तरी तग धरतो, दोन जास्त पडले तरी सावरतो. द्राक्षाला फुलोऱ्यात एका रात्रीचा पाऊस पुरतो. आम्ही कर्ज काढून, म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आणून, अँगल आणि तारा उभारून असं पीक घेतलं, ज्याला आभाळ वेळेवर आणि मापात लागतं. आणि नेमकं त्याच काळात समुद्र तापत गेला. यातलं किती आभाळाचं आणि किती आमच्या निवडीचं, हे त्या पानांवरून वेगळं काढता आलं नाही. बागेनं आमचं घर बांधलं, माझं शिक्षण केलं. बाग लावायला नको होती असं मी म्हणू शकत नाही, आणि आण्णाही म्हणाले नाहीत.

पण त्या दुपारपासून मी वर्गात 'लोकांचे गैरसमज' हा शब्द वापरत नाही. आण्णांची मिरगाबद्दलची आठवण चुकीची निघाली आणि शाळवाबद्दलची समज माझ्यापेक्षा खोल निघाली. दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात होतं. ट्रंक उघडल्याशिवाय कुठलं कोणतं, हे त्यांनाही कळलं नसतं आणि मलाही. शास्त्रज्ञांकडं नोंदी असतात, त्यांचं म्हणणं त्यामुळं टिकतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या घरांत अशी कॅलेंडरं कुठंतरी पडलेली असतील. या वर्षी मी मुलांना आठवणी विचारायला पाठवलं नाही. जुनी कॅलेंडरं शोधायला पाठवलं. सात घरांत मिळाली. एका घरात डेअरीच्या जुन्या पावतीपुस्तकांच्या मागं पाऊस लिहिलेला निघाला.

सप्टेंबर २०२५ मध्ये पाऊस थांबायला तयार नव्हता. तिकडं मराठवाड्यात नद्यांनी शिवारं खरवडून नेल्याची दृश्यं रोज दिसत होती, सोयाबीन पाण्यात, मातीच वाहून गेलेली. आमच्याकडं तेवढं नव्हतं, पण उघडीप मिळत नव्हती. एका संध्याकाळी आण्णांचा फोन आला. या वेळी "हवामान बदललंय" म्हणाले नाहीत.

"तू शिकवतीस न्हवं हे समदं," ते म्हणाले. "मग सांग, गोड छाटणी कवा धरू?"

मला सांगता आलं असतं की १८५० ते १९०० च्या तुलनेत पृथ्वी सव्वा अंशाच्या आसपास तापली आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखानदारीपूर्वी दहा लाख भागांत २८० होता, आता ४२० च्या वर गेला आहे, हेही. त्यांना तारीख हवी होती. गोड छाटणी म्हणजे घडांसाठीची छाटणी. तिच्यापासून घड उतरेपर्यंत चार-साडेचार महिने जातात. त्यातला फुलोऱ्याचा आठवडा कोरडा जाईल का, हे आज विचारलं तर पाच-सहा दिवसांच्या पलीकडचं भरवशानं सांगणारं कुणी माझ्या ओळखीत नाही. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा मला शेतीतलं काही विचारलं होतं.

मी म्हटलं, "आण्णा, तारीख न्हाई सांगता येत."

पलीकडं थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "मग वरचा प्लॉट घटस्थापनेनंतर धरतो. खालचा दिवाळी बघून. दोन्ही काय एकदम जात न्हाईत."

फोन ठेवायच्या आधी त्यांनी आईला हाक मारली, पेन्सिल कुठाय म्हणून विचारलं.